मागच्या बकेटवर ट्रॅक्टर उचलून बाजूला सरकवता येतो का? (तातडीची मदत हवी आहे)

बांधकरी: सकाळपासून अडकलोय. मागे जोडलेल्या बॅकहोने (खोदायचं यंत्र) पाइपलाइनची चारी खणताना ट्रॅक्टरचं मागचं उजवं चाक काळ्या रानात पार एक्सलपर्यंत बसलंय. बकेट टेकवली की चाक वर येतं, सोडली की पुन्हा त्याच खड्ड्यात. व्हिडिओत एकजण बूम (बकेटचा लांब हात) फिरवून आख्खं मशीन सरकवतो. कसं? लवकर सांगा, आभाळ भरून आलंय.

नांगरट: बॅकहो थ्री पॉइंटला (मागच्या उचलत्या दांड्यांना) आहे की चासीला पक्की फ्रेम आहे? पुढे लोडर (माती उचलायची बकेट) आहे का?

बांधकरी: फ्रेम आहे. लोडर नाही. उपाय सांगा ना.

नांगरट: थ्री पॉइंटला असता तर नकोच म्हणालो असतो, बॅकहो सीटसकट वर उचलला जातो, माणूस मधे चेंगरतो. फ्रेम आहे तर बकेट पालथी रोवा, बूमने मागची बाजू उचला, मग बॅकहोचे दोन्ही पाय (बाजूचे टेकू) वर घ्या. पाय टेकलेले असताना फिरवलं तर पिना वाकतील. बूम जिकडे फिरवाल त्याच्या उलट बाजूला मशीन जातं. एका वेळी वीतभरच.

डिझेलभाऊ: कशाला एवढं? चाक उचललंय ना, खाली डबर टाका. आमच्याकडे दरवर्षी हेच करतो.

नांगरट: डबर काळ्यात गिळला जातो. त्याखाली आडव्या फळ्या हव्यात.

डिझेलभाऊ: फळ्या मोडतात. बाभळीचे ओंडके टाका.

शेततळं: शेततळ्याला अनुदान मिळतं, अर्ज ऑनलाइन.

बांधकरी: शेततळं कुणी विचारलंय? उचलला की ट्रॅक्टर थोडा पुढे विहिरीकडे सरकतो, ते चालेल ना?

मावळतीकर: विहीर?? किती लांब? उतार कुठे?

बांधकरी: बारा-तेरा फूट. उतार तिकडेच. पण हँडब्रेक ओढलाय.

मावळतीकर: अहो, ब्रेक मागच्या चाकांना असतात! ती अधांतरी झाली की ट्रॅक्टर मोकळा. पुढच्या चाकांपुढे दगड लावा आणि वरच्या बाजूला दुसरा ट्रॅक्टर साखळीने बांधा. त्याशिवाय लिव्हरला हात लावू नका. विहिरीच्या बाजूला कुणी उभं राहू नये.

नांगरट: हे आधी सांगायचं होतं राव. मी लिहिलेलं साखळी बांधल्यावरच करा.

बांधकरी: चुलत्यांचा ट्रॅक्टर आणला, साखळी बांधली. चार वेळा उचलून हातभर डावीकडे घेतला, खाली ओंडके, वर फळ्या. निघाला. एक होज पाइप फुटला, तेल अंगभर. चारी मात्र अर्धी बुजली.

डिझेलभाऊ: ओंडकेच ना शेवटी!

शेततळं: तासाला भाडं काय घेता?