कोंबड्यांच्या पाण्यातलं एन्रोफ्लॉक्सासिन बंद करायचं की नाही?

निशिगंध (धागाकर्ती)

गेल्या वर्षी आठ दिवस अंथरुणाला खिळून होते. आधी ताप आणि अंगदुखी, म्हणून फ्लू वाटला. दुसऱ्या दिवशी पोटात पिळवटून येऊ लागलं, मग जुलाब, मग शौचातून रक्त. डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) हे अँटिबायोटिक दिलं. तीन दिवस गोळ्या घेऊनही काडीचा फरक नाही. मग कल्चरचा, म्हणजे शौचातला जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट आला: कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी. खाली औषधांची यादी होती आणि सिप्रोसमोर 'रेझिस्टंट' लिहिलेलं, म्हणजे जंतू त्याला जुमानत नाही. अझिथ्रोमायसिन सुरू केल्यावर उतार पडला.

माझा प्रश्न साधा आहे. मी आयुष्यात त्याआधी सिप्रो घेतलंच नव्हतं. मग माझ्या पोटातल्या जंतूला ते पचवायला कुणी शिकवलं?

हा जंतू माणसाकडून माणसाला क्वचितच जातो. त्याचं खरं घर म्हणजे पक्ष्याचं आतडं. तिथलं ४१-४२ अंश तापमान त्याला मानवतं आणि कोंबडी बहुधा आजारीही पडत नाही. तिच्या एक ग्रॅम विष्ठेत तो कोटींच्या संख्येने असू शकतो. शेडमध्ये दुसऱ्याच आजारासाठी एन्रोफ्लॉक्सासिन पाण्यातून देतात. ते सिप्रोचं सख्खं भावंड, दोन्ही फ्लुओरोक्विनोलोन गटातली. शरीरात त्याच्या काही भागाचं सिप्रोच होतं. कॅम्पिलोबॅक्टरच्या एका जनुकातलं एकच अक्षर बदललं की या गटातली औषधं निकामी होतात. कोटींमध्ये असे मूठभर आधीच असतात. औषध बाकीच्यांना मारतं आणि रान यांना मोकळं मिळतं.

अमेरिकेत हा गट १९९० च्या दशकाच्या मध्यात कोंबड्यांसाठी मंजूर झाला. तिथल्या मिनेसोटा राज्यात रुग्णांमधल्या कॅम्पिलोबॅक्टरचा या गटाला प्रतिकार एका अभ्यासानुसार १९९२ मध्ये १.३ टक्के होता, १९९८ मध्ये १०.२ टक्के. एफडीएने (तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने) २००० मध्ये मंजुरी काढून घ्यायचा प्रस्ताव मांडला, औषधाची कंपनी लढली आणि बंदी लागू व्हायला सप्टेंबर २००५ उजाडला. माझं मत स्पष्ट आहे: खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांमध्ये हा गट पूर्ण बंद हवा.

पशुवैद्यक

तुम्हाला झालेला त्रास खरा आहे, पण निदान अर्धंच झालंय. मिनेसोटाच्या त्याच अभ्यासात प्रतिकारक जंतू सापडण्याचं मोठं कारण परदेश प्रवास निघालं होतं. ते का सांगितलं नाहीत?

आता शेडमधलं चित्र बघा. वीस हजार पक्षी आणि ई. कोलाय या दुसऱ्या जंतूची साथ. मेलेला पक्षी उघडला की हृदयावर आणि यकृतावर पिवळट पापुद्रा दिसतो, जाड, सोलून निघेल असा. सकाळी चाळीस मेले, दुसऱ्या दिवशी नव्वद. एकेका पक्ष्याला टोचणं शक्य नाही, म्हणून औषध पाण्यातून जातं. तडफडणाऱ्या जनावराकडे पाहत बसा, असं मी मालकाला सांगू?

शिवाय बंदीने साधलं काय? २००५ नंतर अमेरिकेत हा प्रतिकार खाली आला नाही. ऑस्ट्रेलियाने हा गट खाद्यप्राण्यांत कधीच येऊ दिला नाही, तरी तिथल्या कोंबड्यांतही अलीकडे प्रतिकारक वाण सापडले. खरा उपाय कत्तलखान्यात आणि स्वयंपाकघरात आहे. न्यूझीलंडने २००६ पासून कोंबडीच्या मांसावरच्या जंतूंवर कडक निर्बंध आणले आणि दोन वर्षांत रुग्ण निम्म्यावर आले. आइसलँडने जंतू सापडलेल्या कळपांचं मांस गोठवून विकायला लावलं, तिथेही रुग्ण घटले. औषधाच्या नावाने खडे फोडून यातलं काहीच झालं नसतं.

निशिगंध

प्रवासाचं मान्य, ते मी लिहायला हवं होतं. पण पुढचंही वाचा. प्रवास न केलेल्यांमधलाही प्रतिकार १९९६ ते १९९८ मध्ये ०.८ वरून ३ टक्क्यांवर गेला, आणि तिथल्या दुकानांतल्या कोंबडीत तेच वाण मिळाले.

बंदीनंतर प्रतिकार उतरला नाही, हा तर माझाच मुद्दा आहे! बऱ्याच जंतूंना प्रतिकार महागात पडतो. औषध थांबलं की ते मागे पडतात. सिप्रोला न जुमानणारा कॅम्पिलोबॅक्टर मात्र औषध नसतानाही कोंबडीच्या आतड्यात साध्या भावंडांना मागे टाकतो, हे प्रयोगात दिसलंय. गेलेलं औषध परत मिळत नाही, म्हणून ते जाण्याआधीच थांबायला हवं. ऑस्ट्रेलियात उशिरा का होईना तो शिरला, पण आधीची कितीतरी वर्षं तिथल्या रुग्णांना हे औषध लागू पडलं, ती वर्षं तुम्ही हिशेबात धरत नाही.

कुक्कुटपालक_३

मी शेडवाला आहे आणि पशुवैद्यकांशी मी सहमत नाही. पाण्यातून औषध देताना टाकीजवळ उभं राहून बघा. धडधाकट पक्षी ढकलाढकली करून पोटभर पितात. ज्याला औषधाची खरी गरज, तो पंख पाडून, डोळे मिटून भिंतीकडेला उभा असतो आणि जेमतेम दोन घोट पितो. म्हणजे निरोग्याला पूर्ण डोस आणि आजाऱ्याला अर्धवट. हे बघितल्यापासून माझं मन त्यातून उडालं.

माझ्याकडे मर लागायची ती थंडीत, पडदे घट्ट लावल्यावर. आत शिरलं की अमोनियाने डोळे चुरचुरायचे. आता रात्रीही वरची फट उघडी ठेवतो, ओलं तूस त्याच दिवशी काढतो, पाण्याची लाइन प्रत्येक बॅचनंतर धुतो. औषधाचा खर्च गेला म्हणून सांगत नाही, काम मात्र दुप्पट झालं.

ओंजळ

माझ्या भावाला जुलाब थांबल्यावर दोन आठवड्यांनी पायांत मुंग्या आल्या आणि चार दिवसांत उठता येईना. गीयां-बारे नावाचा नसांचा आजार. कॅम्पिलोबॅक्टर झालेल्या साधारण हजारात एकाला होतो. शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते. जंतू औषधाला जुमानणारा होता की नाही, याचा तिथे संबंध नाही. म्हणून माझ्या लेखी जंतू ताटात येऊच नये, हे पहिलं. पाचेकशे जंतूही आजारी पाडायला पुरतात. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर आणि कापलेल्या काकडीवर उडतात. नीट शिजवलं की तो मरतोच.

पशुवैद्यक

ओंजळ, तुमचा प्रतिसाद वाचून वाईट वाटलं. तुमच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा.

कुक्कुटपालक, भिंतीकडेच्या पक्ष्याचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण सरसकट बंदीला माझा विरोध कायम आहे. हा गट काढला की लोक दुसऱ्याकडे वळतील. उद्या टायलोसिन या औषधाचा वापर वाढला तर तो मॅक्रोलाइड गट, म्हणजे ज्या अझिथ्रोमायसिनने निशिगंध बऱ्या झाल्या, त्याचंच घराणं. डुकरांमधल्या कॅम्पिलोबॅक्टर कोलायमध्ये (याच जंतूच्या दुसऱ्या जातीत) या गटाला प्रतिकार आधीच जास्त दिसतो.

एवढं मात्र मान्य करतो की पक्षी उघडून पाहिल्याशिवाय आणि सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध लागू पडेल याची तपासणी) केल्याशिवाय हा गट लिहून देऊ नये. पण रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. चाळीसाचे नव्वद होताना त्या दोन दिवसांत मालकाला काय सांगायचं, ते बंदीवाल्यांनी सांगावं.

कुक्कुटपालक_३

पडदे उघड, तूस बदल आणि मेलेले तासातासाला बाहेर काढ, हे सांगा. मला पहिल्या साथीत कुणी सांगितलं नव्हतं. थेट बाटली हातात दिली होती.