आपल्यातला एक होऊन येणारा जाहिरातदार : खान्देशातील गटांचे अनुभव

धागाकर्ता, चाळीसगाव

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत शेतकऱ्यांचा, बचत गटाचा, माजी विद्यार्थ्यांचा किंवा भावकीचा व्हॉट्सॲप गट नाही, असे गाव आता शोधावे लागेल. या गटांवर उघडपणे जाहिरात टाकणाऱ्याचा फारसा त्रास होत नाही, कारण तो लगेच ओळखू येतो आणि त्याला काढूनही टाकता येते. हा धागा त्या लोकांबद्दल आहे, जे आपल्यातलेच एक होऊन येतात, काही आठवडे शांत राहतात, इतरांची आपुलकीने विचारपूस करतात आणि विश्वास बसल्यावरच आपला माल, लिंक किंवा योजना हळूच पुढे सरकवतात. असा माणूस तुम्ही कशावरून ओळखला आणि पुढे काय केले, हे सविस्तर लिहावे, ही विनंती. कोणाचेही नाव, मोबाईल क्रमांक किंवा कंपनी लिहू नये.

केळी उत्पादक, रावेर तालुका

आमच्या गटात रोज रावेर आणि बऱ्हाणपूरचे केळीच्या नवती, पिलबाग व वापसी या प्रकारांचे भाव येतात आणि दिवसभर बागेतील रोगांचे फोटो फिरत असतात. पावसाळ्यात नव्या लागवडीवर सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग, म्हणजे ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात, तो दिसू लागला की सगळ्यांच्या जिवाला घोर लागतो, कारण या विषाणूवर औषध नाही. बाधित झाड मुळासकट उपटून नष्ट करायचे आणि विषाणू पसरवणाऱ्या मावा किडीचा बंदोबस्त करायचा, एवढेच शेतकऱ्याच्या हाती असते. नेमक्या अशाच काळात एका नव्या सदस्याने पिवळे पट्टे पडलेल्या पानाचा फोटो टाकून विचारले, "दादा, माझ्या बागेत हे काय आले आहे?" त्याआधी बरेच दिवस तो सणावाराला शुभेच्छा देत होता, कोणाच्या घरी दुःखद घटना घडली तर सांत्वनाचे दोन शब्द लिहीत होता आणि बाजारभावाच्या संदेशाखाली न चुकता हात जोडत होता. थोड्याच वेळात दुसऱ्या एका अनोळखी क्रमांकावरून उत्तर आले, "भाऊ, मागच्या वर्षी माझीही बाग अशीच गेली होती. एका औषधाच्या दोन फवारण्यांत सावरली. नाव हवे असेल तर खासगीत सांगतो." ज्यांची बाग खरोखरच पिवळी पडत होती, त्यांनी साहजिकच लगेच नाव मागितले.

माझ्या काकांना शंका आली ती पहिल्या माणसाच्या एका जुन्या संदेशावरून. जूनमध्ये लावलेला आपला कांदेबाग आता निसवतो आहे, म्हणजे केळफूल बाहेर पडते आहे, असे त्याने लिहिले होते. केळीची जून-जुलैची लागवड म्हणजे मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची म्हणजे कांदेबाग, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. काकांनी त्याच्यावर कोणताही आरोप केला नाही. त्यांनी सर्वांसमोर, गटातच, त्याला गाव कोणते, लागवड कधीची, रोपे टिश्यूकल्चरची की कंदाची, पाणी ठिबकचे की पाटाचे, हे विचारले आणि त्याच दिवशी बागेत उभे राहून काढलेला एक फोटो मागितला. त्याने जे गाव सांगितले, तिथले दोघे जण गटात होतेच. या नावाचा शेतकरी आमच्या गावात नाही, असे त्यांनी लगेच लिहिले. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोन्ही क्रमांक त्याच संध्याकाळी गटातून बाहेर पडले.

तोवर काही जणांनी आगाऊ पैसे भरले होते. घरी आलेल्या डब्यावर ना नोंदणी क्रमांक होता, ना उत्पादकाचा पत्ता. कीटकनाशकांना १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते आणि जैव-उत्तेजकेही, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारी द्रव्येही, २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत. म्हणून आता आमच्या गटात औषध सुचवणाऱ्याने डब्याच्या मागच्या बाजूचा, मजकूर नीट वाचता येईल असा फोटो टाकलाच पाहिजे, असा नियम केला आहे. "नाव खासगीत सांगतो" असे कोणी लिहिले की आम्ही सावध होतो, कारण ज्याला खरोखर गुण आला आहे, तो शेतकरी चारचौघांत सांगायला कधीच मागेपुढे पाहत नाही.

बचत गटाच्या सचिव, धुळे

आमच्या बायका उन्हाळ्यात नागलीचे पापड, बिबड्या (ज्वारीचे पापड) आणि शेवया करतात आणि त्यांच्या ऑर्डरी एका सामाईक गटावर येतात. त्या गटात एक ताई आल्या. त्यांनी बिबड्यांच्या फोटोंचे तोंडभरून कौतुक केले, कळण्याच्या भाकरीला पिठाचे प्रमाण काय घ्यायचे ते विचारले आणि सगळ्यांशी गोडीने बोलत राहिल्या. गटावर त्यांनी काहीच वावगे लिहिले नाही. जे काही केले ते एकेकीला खासगी संदेश पाठवून केले: सुरतेला लग्न आहे, पापडांची मोठी ऑर्डर द्यायची आहे, आगाऊ रक्कम पाठवते, ती जमा होण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका.

ही ऑर्डर आपल्या एकटीलाच मिळाली आहे, असे प्रत्येकीला वाटले आणि म्हणून कोणीच दुसरीला काही बोलले नाही. मासिक बैठकीत एकीने आनंदाने फोन पुढे केला, तेव्हा आणखी तिघींनी आपापले फोन काढले. चारही संदेश अगदी शब्दशः सारखे होते आणि लग्नाची तारीखही तीच होती. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात, हे आमच्या बँक सखीने, म्हणजे गटाला बँक व्यवहारांत मदत करणाऱ्या ताईने, त्याच बैठकीत प्रत्येकीच्या फोनवर दाखवून दिले. गटातील सदस्य म्हणून कोणी खासगी संदेश पाठवला तर तो त्याच दिवशी गटावर सांगायचा, असे आम्ही ठरवले आहे. मला हा उपाय इतर कोणत्याही उपायापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण या लोकांचे सगळे काम आपण एकमेकींशी बोलत नाही यावरच चालते.

स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, नंदुरबार

आमचा अभ्यासगट टेलिग्रामवर आहे. तिथे एकाने चालू घडामोडींच्या चांगल्या टिपणांचा संदेश टाकला, त्याखाली भरपूर जणांनी आभार मानले आणि संदेश वर पिन करण्यात आला. दुसऱ्या दिवशी त्याच संदेशात "प्रश्नपत्रिका आधी मिळेल" असे सांगणारी लिंक आली होती. टेलिग्रामवर टाकलेला संदेश दोन दिवसांपर्यंत बदलता येतो आणि बदल झाल्याची खूण इतकी बारीक असते की ती सहसा कोणी पाहत नाही. नव्याने आलेल्या मुलांना वाटले की एवढ्या लोकांनी आभार मानलेत, म्हणजे लिंकही खरीच असणार. आम्ही आता पिन करण्याजोगा मजकूर ॲडमिनच्या नावाने नव्याने टाकतो, दुसऱ्याचा संदेश पिन करत नाही.

माजी विद्यार्थी गटाचे ॲडमिन, अमळनेर

आमच्याकडे लग्नपत्रिका म्हणून एक फाईल आली होती. पाठवणारा क्रमांक आमच्याच वर्गमित्राचा होता, फक्त त्याचे खाते दुसऱ्याच्या ताब्यात गेले होते. फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके असे लिहिलेले होते. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे फोनमध्ये बसवायचे ॲप, आणि असे ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागून बँकेचे ओटीपी पळवते. मी मित्राला आधी फोन केला आणि नंतर ती फाईल सर्वांसाठी पुसून टाकली.

वकील, जळगाव

अमळनेरच्या मित्रांनी फाईल पुसली ते योग्यच केले, परंतु पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्यावा, ज्यात पाठवणाऱ्याचा पूर्ण क्रमांक, तारीख आणि वेळ दिसेल. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी संतापाच्या भरात सगळे संभाषण पुसलेले असते आणि मग तक्रारीत लिहायला काही उरत नाही. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरवली जाण्याआधी ती रोखून धरता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. दुसऱ्याचे रूप घेऊन संगणकीय साधनाने फसवणूक करणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अनेक ॲडमिन भीतीपोटी गटच बंद करतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, त्यात ॲडमिनचाही समान हेतू असल्याचे दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला आहे.

निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

माझी थोडी वेगळी तक्रार आहे. आमच्या वसाहतीच्या गटातून एका तरुणाला छुपा जाहिरातदार ठरवून काढले गेले. तो शेतातली भरिताची वांगी विकत होता आणि "कोणाला वांगी कुठे चांगली मिळतात?" या प्रश्नाखाली त्याने स्वतःचाच क्रमांक दिला, एवढाच त्याचा अपराध. त्याला कारण सांगितले गेले नाही, विचारणाही झाली नाही. तो पोरगा आजही रस्त्यात भेटला की मान खाली घालतो आणि मला ते फार लागते. जो आपले नाव आणि गाव लपवत नाही, विकायचे आहे ते विकायचे आहे असेच सांगतो, त्याला लबाडांच्या रांगेत उभे करणे हा अन्याय आहे.

केळी उत्पादक, रावेर तालुका

भुसावळच्या काकांची हरकत मला पूर्ण मान्य आहे. आमच्या गटात स्वतः पिकवलेला माल विकायला बंदी नाही, मात्र "हा माझा माल आहे" असे पहिल्याच ओळीत लिहावे लागते. नव्या माणसाला प्रवेश देण्याआधी ॲडमिनची मंजुरी लागेल अशी सोय आम्ही सुरू केली आहे आणि गटातील कोणीतरी एकाने, हा माणूस माझ्या प्रत्यक्ष ओळखीचा आहे, असे सांगावे लागते. कोणाला काढायचेच झाले, तर आधी फोन करून त्याचे म्हणणे ऐकतो आणि काढण्याचे कारण गटावर लिहितो. तुमच्या त्या तरुणाला परत घ्यावे आणि तसे ॲडमिनने गटावर सर्वांसमोर लिहावे, असे मला वाटते.