बाबांसोबत घरी बघायला मराठी सिनेमा सुचवा (हॉस्पिटल नको)

गंगावेस_कट्टा:
मंडळी, रविवारी बाबांना एका नव्या कौटुंबिक सिनेमाला नेलं. नाव घेत नाही, उगाच वाद नको. दोन तिकिटं, पॉपकॉर्न, पार्किंग धरून ९४० रुपये गेले. बाबा एस्टीत ३१ वर्षं कंडक्टर होते, सिनेमाचा नायकही रिटायर कंडक्टर, म्हणून हौसेनं नेलं.

त्या नटानं काय काम केलंय! घरात एकटा असताना कपाटातनं जुना चिमटा काढतो आणि तिकिटं नाहीत म्हणून लाइटबिलालाच भोकं पाडत बसतो. एक शब्द नाही. बाबा अंधारात कानाशी येऊन म्हणाले, "बोट बरोबर ठेवलंय बघ त्यानं." मध्यंतरापर्यंत आम्ही दोघं खूश. पुढं? अमेरिकेतला मुलगा, किडनी, बिल्डर, कोर्ट, पावसात गाणं आणि शेवटी नायकाचं लांबलचक भाषण. ज्या माणसाचं न बोलता सगळं कळत होतं, त्याच्याच तोंडून सगळं वदवून घेतलं. येताना गाडीवर बाबा गप्प.

आता शनिवारी घरीच काहीतरी लावायचंय. अटी: मराठी, दोन तासांच्या आसपास (नऊला गोळी घेऊन झोपतात), खर्च २०० च्या वर नाही आणि हॉस्पिटल नको. दिवाळीत बाबांची बायपास झालीय.

रंकाळा_चौपाटी:
'श्वास'. डोळे झाकून लावा.

गंगावेस_कट्टा:
दादा, तो सगळा सिनेमाच नातवाच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा आहे.

टेक_मर्दा:
भावा, सिनेमा कुठला ते नंतर बघू, आधी प्रोजेक्टर घे. मी २८ हजाराचा घेतलाय, भिंतीवर १०० इंच चित्र. गणपतीत अख्ख्या गल्लीला मॅच दाखवली. थेटरात पाय ठेवला नाही तेव्हापासनं. नाद खुळा!

निवृत्त_मास्तर:
आपले वडील कंडक्टर, म्हणजे रोज शेकडो माणसं वाचलेला माणूस. त्यांना 'सामना' दाखवा. जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, लेखन तेंडुलकरांचं. निळू फुले साखरसम्राट आणि डॉ. लागू दारुडे मास्तर. दोघं समोरासमोर बसून नुसते बोलतात आणि आपण हलत नाही. नट मोठे आणि लिहिणाराही तेवढाच मोठा, हे जमून यावं लागतं. काळा-पांढरा आहे, एवढं चालवून घ्या.

पेठेतला_पुणेकर:
काळा-पांढराच बघायचा तर प्रभातचे बघा. पुण्यात तेव्हा जे काम झालं ते पुन्हा नाही.

खरी_कॉर्नर:
प्रभात पुण्याची? १९२९ ला कोल्हापुरात निघाली, १९३३ ला तिकडं गेली. 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, म्हणजे इथलाच. त्याच्याही आधी बाबूराव पेंटरांनी इथं कॅमेरा बनवला, १९२० ला 'सैरंध्री' काढला. थोडं वाचत जावा.

पेठेतला_पुणेकर:
गेली ना पण शेवटी?

खरी_कॉर्नर:
पोरगी सासरी गेली म्हणून माहेर बदलत नाही.

फक्त_तांबडा:
९४०?? त्यात दोघांची मटणथाळी झाली असती, वर पांढऱ्याची वाटी जादा. पॉपकॉर्न घेणाऱ्यांना माझी सहानुभूती नाही. आमच्याकडं वडिलांना 'श्वास' लई आवडला होता. कुणी सुचवलाय का माहीत नाही.

नाट्यवेडी_ताई:
मी हौशी नाटकात १२ वर्षं काम करते. (केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये दोन दिवस कुणी जेवलं नव्हतं, पण ते असो.) तुम्ही सांगताय ते नाटकातही होतं. पहिल्या अंकात पात्र उभं राहतं, दुसऱ्यात त्याला करायला काही उरत नाही, मग लेखक एकामागं एक संकटं आणतो. नट बिचारा त्यातही जीव ओततो. नट सुमार असता तर तुम्ही मध्यंतरातच उठला असता. चांगला होता म्हणून शेवटपर्यंत आशेवर बसलात.

'कोर्ट' बघा, तिथं बरोबर उलटं आहे. त्यातली बरीच माणसं मुरलेली नटमंडळी नाहीत, पण वकील कोर्टाबाहेर काय खातात, कुठं जातात हेही दिसतं आणि माणूस पुरा कळतो. ते जड वाटलं तर 'किल्ला'. बदलीवर कोकणात आलेली आई आणि तिचा मुलगा. बोलणं कमी, पाऊस भरपूर, पण पावसात गाणं नाही.

कळंबा_रोड:
'कोर्ट'मध्ये कॅमेरा हलतच नाही राव. मी दोनदा रिमोटच्या बॅटऱ्या तपासल्या.

नाट्यवेडी_ताई:
तेच तर बघायचं असतं.

कळंबा_रोड:
तुम्ही बघा की मग. मी 'किल्ला'ला प्लस वन.

टेक_मर्दा:
प्रोजेक्टरवर 'किल्ला'तला पाऊस बघा, अंगावर उडतोय असं वाटतं. जुना मॉडेल पाहिजे असेल तर मित्राकडं आहे, १५ ला देईल.

गंगावेस_कट्टा:
भावा, २०० म्हटलंय. पंधरा हजार नाही.

रंकाळा_चौपाटी:
'श्वास'चं माझं चुकलंच. अटी आत्ता वाचल्या.

गंगावेस_कट्टा:
काय झालं ते सांगतो, सगळ्यांनी वेळ दिलाय म्हणून.

शनिवारी 'सामना' लावायच्या तयारीनं बसलो. मास्तर सर, तुमचंच ऐकणार होतो. तेवढ्यात बाबा म्हणाले, "त्यो चिमटावाला परत बघूया की." मी म्हटलं, अहो दुसरा भाग? म्हणाले, "दुसरा कोण बघतंय."

मंगळवारी दुपारच्या खेळाला एका जुन्या थेटरात गेलो. तिकीट १००, दोघांचे बरोबर २००, पॉपकॉर्न नाही. लाइटबिलाचा प्रसंग आला तेव्हा बाबांचा अंगठा खुर्चीच्या हातावर आपोआप दाबला जात होता. मध्यंतर झालं आणि आम्ही उठलो. दारावरचा माणूस म्हणाला, "काका, अजून निम्मा पिक्चर आहे." बाबा म्हणाले, "आमचा स्टॉप आला."

ताई, 'किल्ला' पुढच्या शनिवारी.

खरी_कॉर्नर:
काकांना नमस्कार सांग.

टेक_मर्दा:
१०० त कुठलं थेटर रे? आणि पार्किंग घेतात काय तिथं?