मदत हवी आहे: लोअर ईस्ट साइडची खाद्यफेरी शाकाहारी आईला झेपेल का?

नमस्कार. माझी आई पुढच्या महिन्यात आमच्याकडे न्यू जर्सीला येत असून, तिला न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधील, मार्गदर्शकासोबत पायी होणारी खाद्यफेरी घडवावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपातून आलेली ज्यू कुटुंबे तेथील दाटीवाटीच्या इमारतींत राहिली. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या आईला ऑर्चर्ड स्ट्रीटवरील १८६३ सालची इमारत, जी आता संग्रहालय आहे, नक्कीच आपलीशी वाटेल.

अडचण खाण्याची आहे, कारण आई अंडेही खात नाही. कॅट्झ या उपाहारगृहातील पास्त्रामी (मसाला लावून धुरावलेले गोमांस) आणि १९१४ पासूनच्या रस अँड डॉटर्स या दुकानातील खारवलेले मासे अर्थातच बाद. मात्र योना शिमेल यांच्या जुन्या बेकरीतील बटाट्याचा क्निश मी स्वतः खाल्ला आहे: पातळ आवरणाच्या आत वाफाळता, मऊसूत बटाटा, अगदी आपल्या वड्याच्या सारणासारखा, फक्त हळद-मोहरीविना. त्याच्या आवरणात अंडे असते का? मध्यभागी परतलेला कांदा भरलेला बियाली हा पाव बिनअंड्याचा मिळतो का?

ज्यांनी आपल्या शाकाहारी आईवडिलांना अशा फेरीला नेले आहे, त्यांनी कृपया सांगावे की आधी कळवल्यास मार्गदर्शक पर्यायी पदार्थ देतात का, आणि वाटेत घटकाभर बसता येते का, कारण आईचे गुडघे अलीकडे फार दुखतात.