ओलाव्यावरून काट्यावर भांडणं: केंद्रप्रमुखाला नेमकं काय शिकवावं?

मांजराकाठ:
लातूर जिल्ह्यात आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं सोयाबीन खरेदी केंद्र आहे. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की माल परत, आणि तिथंच रोज वाद व्हायलेत. केंद्रप्रमुख हिशेबाला पक्का आहे, पण शेतकरी चिडला की तोही चिडतो आणि सगळ्यांदेखत ग्रेडरवर, म्हणजे माल तपासणाऱ्यावर, खेकसतो. संचालक म्हणतात, त्याला भावनिक बुद्धिमत्तेचं प्रशिक्षण द्या. त्यात ‘शांत राहा’ यापलीकडं काही असतं का?

कोरडवाहू:
असतं. सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा तिच्यात भावना ओळखणं, ती सावरणं आणि विचार करताना तिचा उपयोग करणं हे सगळं होतं. आपण नुसतं दाबायला सांगतो. जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दिसलं, की भावना चेहऱ्यावर येऊ दिली नाही तरी शरीरावरचा ताण उतरत नाही. प्रसंगाकडं आधीच वेगळ्या नजरेनं पाहिलं तर ती मुळातच कमी उसळते.

म्हणून प्रमुखाला आधी शेतकऱ्याचा राग वाचायला शिकवा. तो नुसता ओलाव्याच्या मीटरवरच्या ‘चौदा’ या आकड्यावर नसतो. टेम्पोचं दुसरं भाडं, पुन्हा हमाली, भरून आलेलं आभाळ आणि वजनातली घट हे सगळं त्यात असतं. १५ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल १२ वर आणला की साधारण ९६ किलो ६०० ग्रॅम उरतो. हे गणित कागदावर मांडून दाखवा. घट पाण्याची आहे हे दिसलं की काट्यावरचा संशय कमी होतो.

मीटरचं तोंड शेतकऱ्याकडं ठेवा. परखी (पोत्यातून नमुना काढायची टोकदार नळी) वरच्या, मधल्या आणि तळाच्या पोत्यात मारा, आकडा त्यालाच वाचू द्या. उन्हातलं गरम धान्य लगेच मोजू नका, आकडा चुकू शकतो. जास्त आला तर पहिलं वाक्य ‘माल परत’ हे नको. “काका, चौदा आलाय, तुमचा हेलपाटा व्हायलाय. ताडपत्री देतो, वाळवून पुन्हा मोजू का?” असं विचारावं. ताडपत्री मात्र खरंच तयार पाहिजे.

गेवराई_रोड:
ग्रेडरवर खेकसणं जास्त महागात पडतं. चारचौघांत बोलणी खाल्लेला माणूस पुढच्या पोत्याला घाबरतो, ११.८ आला तरी दोनदा मोजतो, रांग तुंबते आणि मागच्यांचा राग वाढतो. चूक वाटली तर बाजूला घ्या आणि आधी विचारा, “काय झालं?” काटा सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं उभ्याउभ्या बोला: काल कुठं अडलं, आज किती टेम्पो यायलेत. दुपारच्या गर्दीत ग्रेडरला पाणी प्यायला सोडा.

तुरीचं_शेत:
वरचं सगळं पटतं, पण समजून घेणं म्हणजे सूट देणं नव्हे. ओळखीच्या माणसाचा १३ पास केला की रांगेतले सगळे बघतात, मग कितीही गोड बोला, कुणी ऐकत नाही. बोलणं मऊ असावं, आकडा सगळ्यांना एकच.

एका दिवसाच्या भाषणानं सवय बदलत नाही. एखाद्या संचालकानं आठवडाभर काट्याजवळ बसावं आणि संध्याकाळी एकच गोष्ट सांगावी: आज आवाज कधी चढला, त्याच्या आधी काय घडलं. आणि एक मीटर गावात फिरवा. टेम्पो भरायच्या आधीच ओलावा कळला तर निम्मी भांडणं काट्यापर्यंत येणारच नाहीत.