मदत हवी आहे : बाबांसाठी टूथब्रश कुठला घ्यावा? सॉफ्ट, अल्ट्रा सॉफ्ट की सरळ इलेक्ट्रिक?

मंडळी, प्रश्न फुटकळ वाटेल, पण माझं डोकं पिकलंय म्हणून धागा काढतेय.

बाबांनी सत्तरी ओलांडलीय आणि जन्मभर हार्ड ब्रशच वापरलाय. मऊ ब्रशने दात घासल्यासारखं वाटतच नाही हे त्यांचं ठाम मत, आणि जोर असा लावतात की नवा ब्रश महिन्याभरात झेंडूसारखा फुलतो. आता दातांच्या डॉक्टरांनी आरसा धरून दाखवलं, वरच्या सुळ्याच्या मुळाशी, जिथे हिरडी संपते तिथे, चक्क खाच पडलीय, नख फिरवलं की अडकतं. हिरडीही वर सरकलीय. गार पाणी लागलं की कळ थेट मस्तकात. डॉक्टर म्हणाले सॉफ्ट ब्रश घ्या, झालं, पुढचा पेशंट आत.

तर दुकानात सॉफ्ट, एक्स्ट्रा सॉफ्ट, अल्ट्रा सॉफ्ट, सेन्सिटिव्ह, निमुळत्या टोकाचे, कोळशाचे काळे, नागमोडी ब्रिसल्सचे, असे सगळे ओळीने लटकलेले. यात खरा फरक असतो की नुसतं पाकीट वेगळं? शिवाय बाबांच्या बोटांना संधिवात आहे, बारीक दांडी नीट धरता येत नाही, म्हणून इलेक्ट्रिकचाही विचार चाललाय. पण ते घरघरणारं यंत्र तोंडात घालायला तयार होतील का देव जाणे. कोणी वापरत असाल तर सांगा प्लीज.

रिकामटेकडा : कोळसाबिळसा सोडून द्या ताई, रंग काळा एवढंच. ब्रिसल्स मऊ हवेत, डोकं लहान हवं, दांडी हातात बसायला हवी, बाकी सगळी सजावट. डोकं लहान का, तर मोठं असलं की शेवटच्या दाढेच्या मागे पोचतच नाही आणि कीड नेमकी तिथेच धरते.

दाढदुखी : मी डेंटिस्ट आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल. बाबांना आधी हे सांगा की ब्रशने जो थर काढायचा असतो तो, म्हणजे प्लाक, मऊच असतो, त्याला जोर लागत नाही. तो साचून कडक झाला की त्याचा टार्टर होतो आणि मग तुम्ही हार्ड ब्रशने कितीही घासा, निघत नाही, ते क्लीनिंग करूनच काढावं लागतं. म्हणजे हार्ड ब्रशचा उपयोग ना इकडे ना तिकडे. दाताचा वरचा भाग इनॅमलचा, तो टणक असतो, पण हिरडी सरकली की मूळ उघडं पडतं आणि ते इनॅमलच्या मानाने बरंच मऊ असतं. त्यावर जोर आणि पेस्टमधले खरखरीत कण, दोन्ही मिळून खाच पाडतात. म्हणून व्हाइटनिंगवाल्या पेस्ट, दंतमंजनं सध्या बंद. खाच नुसती ब्रशनेच पडते असंही नाही, आंबट खाण्यापिण्याचाही हातभार असतो, त्यामुळे ती फिलिंगने भरायची का ते तुमच्या डॉक्टरांना विचाराच.

सॉफ्ट की अल्ट्रा सॉफ्ट, तर एका कंपनीचा सॉफ्ट दुसऱ्या कंपनीच्या मीडियमसारखा लागू शकतो, नावावर जाऊ नका. हिरडी दुखरी असेल तोवर अल्ट्रा सॉफ्ट, मग साधा सॉफ्ट चालेल. ब्रश मुठीत न धरता पेनसारखा बोटांत धरायचा, जोर आपोआप कमी होतो. हिरडीकडे 45 अंशात तिरका टेकवून छोटे छोटे झटके, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. तीन-चार महिन्यांनी बदलायचा, आधी फुलला तर आधी.

साधीभोळी : माझ्या सासूबाईंच्या बोटांचं हेच होतं. इलेक्ट्रिकची दांडी मुळातच जाड असते त्यामुळे पकड छान बसते आणि हात फिरवावा लागत नाही, एकेका दातावर नुसतं टेकवून पुढे सरकायचं. प्रेशर सेन्सरवालाच घ्या, जास्त दाबलं की लाइट लागतो किंवा वेग कमी होतो. तुमच्या बाबांना त्याचीच गरज आहे असं दिसतंय ;) नाहीच पटलं तर साध्या ब्रशच्या दांडीवर फोम किंवा रबराची जाड नळी चढवा.

दाढदुखी : +१. कॉक्रेन (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) च्या 2014 च्या आढाव्यात तीन महिन्यांनंतर इलेक्ट्रिकने प्लाक साध्या ब्रशपेक्षा 21 टक्के कमी आणि हिरडीची सूज 11 टक्के कमी आढळली होती. म्हणजे फरक आहे, पण साध्या ब्रशने नीट घासणाऱ्याने हळहळावं इतका नाही. बाबांच्या बाबतीत मात्र बोटं आणि जोर, दोन्ही बघता मी इलेक्ट्रिकच सुचवेन.

धागाकर्ती : सगळ्यांचे आभार! प्लाकचा मुद्दा बाबांना वाचून दाखवला, "हं" म्हणाले, म्हणजे निम्मं काम झालं. एकच शंका, इलेक्ट्रिकमध्ये पण सॉफ्ट-हार्ड असतं का?

साधीभोळी : हो, हेड वेगळं मिळतं, त्यावर सेन्सिटिव्ह किंवा सॉफ्ट लिहिलेलं बघून घ्या. आणि घेण्याआधी त्या मॉडेलची हेड सुटी मिळतात ना याची खात्री करा, ती पण तीन-चार महिन्यांनी बदलावी लागतात, नाहीतर मशीन चालू आणि हेड मिळेना अशी पंचाईत होते.