मदत हवी आहे: आजीच्या गोधडीचा वास शुक्रवारच्या आत कसा घालवायचा?

मोगरा८४ (मंगळवार, रात्री १०.४०)
तातडीचं आहे म्हणून नवीन धागा काढतेय, जुने धागे चाळायला वेळ नाही. आजीने हाताने शिवलेली गोधडी आहे. शुक्रवारी भाच्याचं बारसं. पाळण्यात हीच गोधडी अंथरायची हे मी दादाच्या लग्नातच ठरवलं होतं. पण वास काही केल्या जात नाही. दोन दिवस गॅलरीत टाकली, फरक शून्य. ड्रायक्लीनवाल्याने जबाबदारी घेणार नाही म्हणून परत दिली. मशीनमध्ये टाकू का? ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनीच सांगा.

करवीरकर
मशीनमध्ये टाकू नका ताई. आमच्या मामीनं टाकली हुती. वाकळ पाणी पिली की दोन माणसांना उचलंना होते, आणि मशीन तिला गरागरा फिरवतंय. निम्मे टाके तुटले, आतल्या चिंध्यांचा एका कोपऱ्यात गोळा झाला. मामी आठ दिवस जेवली न्हाई नीट. किती थरांची आहे? आत काय घातलंय? आणि वास कसला, कुबट का उंदराचा?

तुळशीवृंदावन
यात एवढं काय? बाहेर अंगणात चार दिवस कडक ऊन दाखवा, रोज बाजू पालटा. आमच्याकडे दर चैत्रात सगळ्या गोधड्या गच्चीवर पडतात. वास, ढेकूण, सगळं जातं.

हातमाग
कडक ऊन नको. मी इचलकरंजीत प्रोसेसिंगमध्ये बावीस वर्षं काढली. उन्हाने रंग उडतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण जुना सुती धागाही उन्हाने कमजोर होतो हे लक्षात येत नाही. सावलीत, वारा खेळेल अशी टाका. एका दोरीवर लोंबकळत नको, दोन-तीन दोऱ्यांवर आडवी पसरा, म्हणजे सगळा भार एका रेषेवर येत नाही. धुण्याचा विचार असेल तर आधी प्रत्येक रंगाच्या तुकड्यावर पांढरं ओलं फडकं पाच मिनिटं दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला तर पाण्याचा विषय संपला. इरकलीचा लाल पदर असेल तर हमखास लागतो.

तुळशीवृंदावन
रंग जाऊ नये म्हणून मीठ आणि व्हिनेगर टाकायचं. साधी गोष्ट.

हातमाग
मीठ रंगवताना लागतं, सुताने रंग ओढून घ्यावा म्हणून. पन्नास वर्षांपूर्वी रंगवलेलं कापड त्याने पक्कं होत नाही. व्हिनेगरने सुती रंग बसतो हाही गैरसमज आहे. कृपया दुसऱ्याच्या आजीच्या वस्तूवर असले प्रयोग सुचवू नका.

शेवंती
धुरी द्या! शेगडीत निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, लसणीची सालं. गोधडी वर धरायची. बाळाची दुपटी आम्ही अशीच शेकतो. बाळ छान झोपतं.

मोगरा८४
ढेकूण नाहीत, उंदीर नाहीत! थर मोजले नाहीत, सगळी जुनी लुगडी आहेत, आणखी काय असणार? वास ट्रंकेचा आहे, नेहमीचा. मला फक्त तीन दिवसांत काय करता येईल ते हवंय.

माळरान
विषय निघालाच आहे तर लिहितो. ह्याला गोधडी म्हणणं पुण्याकडचं. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात वाकळ. बेळगावकडे कन्नड माणसं कौदी म्हणतात. उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकांची कवंद पाहिली आहेत का कुणी? यल्लापूर, हल्याळच्या बाजूला. त्यांचे रंग बघत राहावेत असे. बंगालात कांथा, बिहारात सुजनी. साध्या धावदोऱ्यात जुनी वस्त्रं एकत्र शिवायची रीत साऱ्या देशात आहे. गाडगेबाबांनाही लोक गोधडे महाराज म्हणत, ते अंगावरच्या ठिगळांवरून.

करवीरकर
खरं हाय. आणि कडेनं सुरू करून आत आत येत शिवलेली वाकळ लगेच वळखू येती. आमची आज्जी सुई खाली ठेवायची न्हाई, गप्पा मारत मारत सरळ रेघ जायची.

मोगरा८४
आजीही वाकळच म्हणायची. गोधडी मी पुण्यात येऊन शिकले. आजी माणची. १९७२ च्या दुष्काळात दिवसभर खडी फोडायला जायची आणि रात्री कंदिलाच्या उजेडात ही शिवायची. तिचं लग्नातलं लुगडं, आजोबांची दोन धोतरं, बाबांचा शाळेतला खाकी सदरा, आणि तिची चंद्रकळा. बाबा सांगायचे, सुई लागून बोटाला रक्त यायचं तरी हात थांबायचा नाही, कारण थंडीच्या आधी चार पोरांच्या अंगावर काहीतरी यायला हवं होतं. आम्ही तिन्ही भावंडं हिच्यावर वाढलो. दादाचा मुलगाही हिच्यावर झोपावा एवढंच आहे माझं. आजी गेल्याला सहा वर्षं झाली. म्हणून एवढी घाई करतेय. चिडचिड झाली असेल तर माफ करा.

हातमाग
चंद्रकळा म्हणजे काळा तुकडा आहे. तो कसा आहे? बोटांनी चोळल्यावर भुगा होतो का?

मोगरा८४
हो! तोच एक तुकडा जागोजागी विरलाय, बाकी सगळं घट्ट आहे. तुम्हाला कसं कळलं?

हातमाग
तो बहुतेक गंधकी काळा. जुन्या स्वस्त काळ्या कापडाला हाच रंग असायचा. साठवणीत, दमट हवेत त्या रंगातल्या गंधकापासून आम्ल तयार होतं आणि सूत आतून खातं. त्याआधीचा लोखंडाचा आणि हिरड्याचा काळाही तसाच, सूत जाळणारा. तुमच्या आजीच्या हातात खोट नाही. आणि तो विरलेला तुकडा उसवून फेकू नका.

नवी_सुरुवात
नवीन गोधडी शिवायची असेल तर मी पद्धत देते. पाच जुन्या सुती साड्या घ्या, सिंथेटिक नको. सगळ्यात मऊ साडी वर ठेवा. जमिनीवर पसरून चारी कडा आधी कच्च्या टाक्याने बांधा, मग मधल्या सुरकुत्या हाताने सपाट करा. बोटभर अंतराने धावदोरा. लहान बाळासाठी तीन थर पुरतात.

शेवंती
नवीन कोण विचारतंय? त्यांना वास घालवायचाय.

दवाखाना_ते_घर (बुधवार, सकाळी ६.१५)
मी रात्रपाळी संपवून वाचतेय. नवजात बालकांच्या विभागात परिचारिका आहे. 'ट्रंकेचा नेहमीचा वास' म्हणजे नेमका कसला? डांबराच्या गोळ्या टाकल्या आहेत का?

मोगरा८४
हो, अर्थात. आई दर दिवाळीला मूठभर टाकते. त्याशिवाय कसर लागली असती. म्हणून तर गोधडी एवढी टिकली.

दवाखाना_ते_घर
मग कृपया पाळण्यात अंथरू नका. आणि हे आधी सांगा: बाळ किती दिवसांचं आहे, मुलगा आहे ना, आणि त्याच ट्रंकेतलं आणखी काही बाळाजवळ गेलंय का? त्या गोळ्या साधारणतः नॅफ्थलीनच्या असतात. रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणारं एक एन्झाइम असतं, जी-सिक्स-पीडी. काही बाळांमध्ये ते जन्मतः कमी असतं, मुलग्यांमध्ये जास्त वेळा. अशा बाळाला नॅफ्थलीनचा वास किंवा स्पर्श झाला की पेशी झपाट्याने फुटू शकतात आणि कावीळ एकदम वाढू शकते. गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे असं झाल्याची उदाहरणं वैद्यकीय पुस्तकांत आहेत. आपल्याकडे बाळाला तेल लावून मालीश करतात, आणि तेल लावलेल्या कातडीतून हे आणखी सहज आत जातं.

तुळशीवृंदावन
उगाच घाबरवू नका. आमच्या तीन पिढ्या डांबराच्या गोळ्यांच्या कपाटात वाढल्या, कुणाला काही झालं नाही.

दवाखाना_ते_घर
तुमच्या घरात ते एन्झाइम कुणाला कमी नसेल, म्हणून काही झालं नाही. ज्याला कमी आहे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. मी कावीळ झालेल्या बाळाला उपचारासाठी निळ्या दिव्याखाली ठेवून आईला रडताना पाहिलंय. मला इथे वाद घालायचा नाही, ताईंचं उत्तर हवंय.

मोगरा८४
बाळ नऊ दिवसांचं आहे. आत्ता सुचलं. आईने गेल्या आठवड्यात त्याच ट्रंकेतून आजीचं छोटं दुपटं काढून वहिनीकडे पाठवलंय. वहिनी माहेरी सांगलीला आहे. बाळ त्याच्यावरच झोपतं. चौथ्या दिवशी थोडी कावीळ होती, डॉक्टर म्हणाले सगळ्यांनाच होते.

दवाखाना_ते_घर
आत्ता फोन करा. दुपटं घरातूनच बाहेर, दुसऱ्या खोलीत नको. बाळाला पुसून धुतलेले कपडे घाला. आज तेल नको. उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग आणि पोटाची कातडी पिवळी दिसते का बघा. बाळ नीट पितंय का, मलूल आहे का, लंगोट चहासारखा गडद होतोय का? काहीही असो, आजच मुलांच्या डॉक्टरांना दाखवा आणि डांबराच्या गोळ्यांचं स्वतःहून सांगा. ते सांगितलं नाही तर कुणाला सुचत नाही.

करवीरकर
ताई, आमचे पाव्हणे सांगलीत हायेत. गाडी लागली तर सांगा, लगेच पाठवतो.

प्रयोगवही
शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. गोळी कसली ते घरी कळू शकतं. गोळी साध्या पाण्यात टाका. कापूर तरंगतो, नॅफ्थलीन बुडतं. मग दुसऱ्या पेल्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत टाका. त्यात नॅफ्थलीन वर येतं, दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या (पॅराडायक्लोरोबेंझीन) तरीही तळाशी राहतात. पण बाळासाठी तिन्ही नकोतच. आणि नॅफ्थलीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून नुसतं धुऊन जाणार नाही. ते हवेत उडून जातं, त्याला वारा आणि दिवस लागतात.

शेवंती
मग धुरी?

दवाखाना_ते_घर
नऊ दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसांना धूर नको. आजी-पणजीने दिली तरी नको.

मोगरा८४ (बुधवार, रात्री ९.०५)
सगळ्यांना उत्तर देता आलं नाही, दिवसभर फोनवर होते. वहिनी दुपारी दवाखान्यात गेली. दुपट्याचं सांगितल्यावर डॉक्टरांनी लगेच रक्त घेतलं. बिलिरुबिन (म्हणजे काविळीचं प्रमाण) वयाच्या मानाने हद्दीत आहे, रक्त कमी झालेलं नाही, बाळ पितंय. त्या एन्झाइमच्या चाचणीचा कागद सोमवारी मिळेल. शुक्रवारी परत दाखवायचं आहे, बारशाच्या आधी. आई दिवसभर रडतेय की मीच पाठवलं. तिला सांगितलं, कुणालाच माहीत नव्हतं. दवाखाना_ते_घर, तुम्ही रात्रपाळीनंतर झोपायचं सोडून विचारलंत. मी हे विसरणार नाही.

दवाखाना_ते_घर
बरं वाटलं. आईंना सांगा, पुढच्या दिवाळीला गोळ्यांऐवजी वेखंडाचे तुकडे कापडात बांधून ठेवा, वर्षातून दोनदा घडी बदला. पण बाळाच्या पाळण्यात तेही नको.

तुळशीवृंदावन
माझी सून सातव्या महिन्यात आहे. आज कपाटातल्या सगळ्या गोळ्या काढून टाकल्या.

मोगरा८४ (शनिवार, सकाळी ७.३०)
बारसं झालं. शुक्रवारी सकाळी परत दाखवलं, कावीळ उतरतेय. पाळण्यात वहिनीच्या आईने उकळून धुतलेलं नवं मलमल अंथरलं. वाकळ मी पुण्यातच ठेवली, सोबत नेली नाही. नाव ठेवताना बाळाच्या कानात आजीच्या वाकळेचंही सांगितलं. ती आता मागच्या गॅलरीत सावलीत तीन दोऱ्यांवर आहे. हातमाग, चंद्रकळेच्या तुकड्याचं काय करू ते राहिलंय.

हातमाग
वास पूर्ण जाईपर्यंत महिना-दीड महिना लागेल, आत घेऊ नका. मग काळ्या तुकड्यावर काळ्याच रंगाची तलम नायलॉनची जाळी ठेवा, ओढणीच्या दुकानात मिळते. विरलेल्या कापडातून सुई घालायची नाही. आजीच्या जुन्या टाक्यांच्या भोकांतूनच, शेजारच्या घट्ट कापडात बारीक टाके घ्या. आतला तुकडा दिसत राहील आणि गळणार नाही. मग घडी न घालता मांजरपाटात गुंडाळून नळीसारखी ठेवा. पोरगं दीड-दोन वर्षांचं झालं की बिनधास्त लोळू दे तिच्यावर.

माळरान
माणकडे वाकळेच्या कडेला वेगळा रंग लावायची पद्धत आहे का? तुमच्या आजीच्या वाकळेचा उजेडात काढलेला फोटो टाकाल का?

मोगरा८४
कडेला हिरवी पट्टी आहे, आजोबांच्या फेट्याची. ऊन गॅलरीतून सरकलं की काढते.